घोट्यावरच्या पाच मुंग्या

आईने पहिल्यांदा बघितलं तेव्हा काही विचारलंच नाही, सरळ वाकली आणि माझ्या घोट्यावर फटका मारला. "अगं मुंग्या चढल्यात पायावर, लक्ष कुठंय तुझं!" टॅटूला तेव्हा सहा दिवस झाले होते, म्हणजे खपली धरलेली, कातडी अजून चुरचुरतेय आणि त्यावर आईचा हात. मी जी किंचाळले ना... तिला सांगायचं कसं यावर आठवडाभर डोकं खात होते मी आणि ते असं सांगून झालं. मग चष्मा आला, मग माझा पाय तिच्या मांडीवर गेला, नीट तपासणी झाली आणि पहिला प्रश्न काय, तर "या मधलीला पाचच पाय का?"

प्रश्न बरोबर होता. त्यावर येते, जरा थांबा.

आधी मुंग्याच का ते सांगून टाकते कारण प्रत्येकजण विचारतो आणि प्रत्येकाला काहीतरी खोल अर्थ हवा असतो, कष्ट, शिस्त, एकजूट वगैरे. असं काही नाहीये. शाळेत असल्यापासून मला वहीच्या समासात मुंग्या काढायची सवय आहे. बोअर झालं की मुंगी, फोनवर कुणी लांबण लावली की मुंगी. तीन ठिपके, सहा रेघा, दोन मिशा, संपलं. डोळे मिटून मला तेवढं एकच चित्र येतं, म्हणून म्हटलं जन्मभर अंगावर ठेवायचंच आहे तर निदान ओळखीचं तरी असावं. माझ्या डोक्यात नऊ मुंग्यांची रांग होती, पार टाचेपासून निघून घोट्याच्या हाडाला वळसा घालून वर पोटरीकडे जाणारी, अगदी खऱ्या मुंगीएवढ्या बारीक बारीक.

आर्टिस्ट माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान मुलगी, मला ताई म्हणत होती. तिने कागद बघितला, हसली आणि म्हणाली, "ताई, छान आहे, पण असं नाही होणार." मला रागच आला खरंतर. पण मग तिने समजावलं ते पटलं. शाई कातडीत गेली की कायम तेवढीच राहत नाही, वर्षानुवर्षं थोडी थोडी पसरते, रेघ जाड होत जाते. आता एवढ्याशा मुंगीचे पाय एकमेकांना खेटून काढले तर काही वर्षांनी त्या रेघा एकमेकींत मिसळणार आणि मुंगीचा होणार ठिपका. "मग डॉक्टर तुम्हाला विचारतील, हे नऊ तीळ कधीपासून आहेत?" असं म्हणाली. दुसरं म्हणजे टाचेजवळ आणि तळव्याच्या कडेला तिने साफ नाही सांगितलं, तिथली कातडी जाड असते, सतत घासते, तिथे शाई धड टिकतच नाही, ठिकठिकाणी उडते. म्हणजे नवाच्या पाच झाल्या, एकेक दीड सेंटीमीटरची झाली आणि रांग टाचेपासून चांगली वर सरकली. आज ती ओरिजिनल डिझाईन बघितली की मी मनातल्या मनात तिचे आभार मानते.

लाल मुंग्या करायच्या असंही माझ्या मनात होतं, तेही तिनेच काढून टाकलं. टॅटूच्या रंगांमध्ये ॲलर्जीच्या तक्रारी सगळ्यात जास्त लाल रंगाच्याच असतात. युरोपियन युनियनने तर जानेवारी २०२२ पासून टॅटूच्या शाईतल्या हजारो केमिकल्सवर बंधनं घातली आहेत, रंगीत शायांना त्याचा चांगलाच फटका बसला म्हणे. मी म्हटलं काळा तर काळा, नाहीतरी वहीत मी काळ्याच काढत होते.

स्टेन्सिलची (म्हणजे सुई लावायच्या आधी कातडीवर उमटवतात तो चित्राचा ठसा) गंमत सांगायलाच हवी कारण हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आधी तिथले केस रेझरने काढले (तुमच्या दृष्टीने पाय गुळगुळीत असला तरी काढतातच), साफ केलं, आणि मी खुर्चीवर पाय पसरून बसलेली असताना स्टेन्सिल लावलं. एकदम मस्त दिसत होतं. मग म्हणाली उभ्या राहा. उभी राहिले आणि पाचही मुंग्या वाकड्या! घोट्याजवळची कातडी पाय वळला की एवढी फिरते. पुसलं, उभं राहूनच परत लावलं, चालून बघितलं, परत पुसलं. तीन वेळा झालं हे. तर घोट्यावर करणार असाल तर उभं राहून आरशात बघितल्याशिवाय हो म्हणू नका, आर्टिस्ट कंटाळली तरी चालेल. अजून एक, चित्र कुणाच्या बाजूने सरळ हवं हा प्रश्न येतो. आपल्याला वाटतं आपण खाली बघितल्यावर सरळ दिसावं, पण मग समोरच्या प्रत्येकाला ते उलटं दिसतं. माझं त्यात फार अडलं नाही, मुंग्या चढतायत की उतरतायत एवढंच ठरवायचं होतं. चढतायत.

सुईचं पाकीट माझ्यासमोर फोडलं, शाई छोट्या नव्या टोपणात ओतली. मधेच तिचा फोन वाजला तर तिने ग्लोव्ह्ज काढून टाकले, फोन कट केला आणि नवे ग्लोव्ह्ज चढवले. खरं सांगते, भिंतीवरची सगळी सर्टिफिकेटं एकीकडे आणि ते ग्लोव्ह्ज बदलणं एकीकडे, मला तिथेच हायसं वाटलं.

दुखतं का? दुखतं. पण सगळीकडे सारखं नाही. पहिल्या दोन मुंग्या पोटरीच्या खालच्या मांसल भागावर होत्या, तिथे नुसतं उन्हाने भाजलेल्या जागेवर कुणी नखाने ओरखडावं तसं वाटलं, मी गप्पा मारत होते. तिसरी मुंगी बरोबर हाडाच्या टोकावर. तिथे दुखण्यापेक्षा ते थरथरणं भयंकर, मशीनची घरघर हाडातून वर चढून दातांत ऐकू येते, खोटं नाही. आणि शेवटच्या दोन मागच्या शिरेच्या बाजूला, तिथे तर पाय आपोआप झटका मारतो, तुमच्या हातात काही नसतं, तिने कोपराने माझं पाऊल दाबून धरलं होतं. एकूण चाळीस मिनिटं. पोटभर खाऊन गेले होते ते बरं झालं, उपाशीपोटी गेलात तर चक्कर यायची शक्यता असते.

तिथे पडल्या पडल्या मला तो बर्फातला माणूस आठवत होता. १९९१ साली आल्प्सच्या डोंगरात सापडला तो, ओत्झी नाव ठेवलंय त्याला, सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ टॅटू मोजलेत, बहुतेक साध्या रेघा, काजळीच्या, आणि त्यातल्या काही चक्क घोट्यावर आहेत. त्याच्या अंगावर जिथे गोंदलंय तिथे बऱ्याच ठिकाणी खालची हाडं-सांधे झिजलेले निघाले, म्हणून काही संशोधकांना वाटतं की ते दुखण्यावरचा उपाय म्हणून टोचलं असावं. म्हणजे त्याचा घोटा दुखत होता म्हणून त्याने टोचून घेतलं, आणि माझा चांगला धडधाकट होता, टोचून घेतल्यावर दुखायला लागला.

बाय द वे, घोट्याला हात हलका लागतो म्हणजे काय तेही तेव्हाच कळलं. सुई एक ते दोन मिलिमीटरच आत जायला हवी. वरची कातडी साधारण महिन्याभरात झडून नवी येते, म्हणून शाई तिच्या खालच्या थरात ठेवावी लागते. पण अजून खोल गेली तर ती चरबीत पसरते आणि रेघेच्या कडेने निळसर सावली येते, ब्लोआउट म्हणतात त्याला. घोट्यावर कातडी पातळ आणि खाली लगेच हाड, त्यामुळे चुकायला जागाच नाही. आणि ती शाई तिथे टिकते कशी हे तर मला फारच भारी वाटलं. आपल्या शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशी शाईला कचरा समजून गिळतात, पण पचवू शकत नाहीत, मग तशाच पोट भरून बसून राहतात. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की अशी एक पेशी मेली की तिची शाई बाहेर पडते आणि नवी आलेली पेशी ती परत उचलते. मुंग्यांसारखंच की, एकीने टाकलेला कण दुसरीने उचलायचा!

तर इथपर्यंत सगळं मजेत होतं. खरी कहाणी घरी आल्यावर सुरू होते, आणि घोट्याच्या बाबतीत ती दंडापेक्षा किंवा पाठीपेक्षा वेगळी असते. कारण घोटा सगळ्यात खाली आहे. सगळं पाणी तिथे उतरतं, सगळी धूळ तिथे उडते, चपलेचा पट्टा तिथे, सॉक्सचं इलॅस्टिक तिथे, पँटची कड तिथे, आणि डासांचीही आवडती जागा तीच.

पहिल्या संध्याकाळी पाय एवढा सुजला की घोट्याचं हाडच दिसेना. मी घाबरून फोन केला तर ती म्हणाली ताई, पाय उशीवर ठेवा, हृदयापेक्षा वर. ठेवला, दोन तासात उतरलं बरंच. पण दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून पाय खाली सोडला आणि उभी राहिले तर सगळं रक्त धाडकन खाली आलं आणि टॅटूत अशी आग झाली की मी परत बसले. हे तीनचार दिवस रोज सकाळी होतं, पायावर टॅटू असलेल्या कुणालाही विचारा. उपाय एकच, आधी थोडा वेळ पाय लटकवून बसायचं, पंजे हलवायचे, मग उठायचं.

तिने वरून ती पारदर्शक चिकट फिल्म लावून दिली होती, तीनचार दिवस ठेवा म्हणाली. दंडावर राहतही असेल, घोटा दिवसभर वाकतो त्यामुळे माझी दुसऱ्याच रात्री एका कडेने सुटली. आत काळपट पाणी साचलेलं असतं, रक्तातला पातळ द्रव आणि जास्तीची शाई, ते नॉर्मल आहे, पण कड सुटली की ते बाहेर येतं आणि बाहेरचं आत जातं. माझं चादरीवर आलं. पांढऱ्या चादरीवर. कड सुटली की फिल्म परत दाबून चिकटवायचा मोह आवरा, शॉवरखाली कोमट पाण्यात हळूहळू ताणून पूर्ण काढून टाका.

त्यानंतर दिवसातून दोनदा धुणं. हात आधी धुवायचे, मग बिनवासाचा सौम्य साबण, कोमट पाणी, बोटांनीच, स्पंज बिंज काही नाही. टॉवेलने पुसायचं नाही, पेपर टिश्यूने टिपायचं, मग दहा मिनिटं मोकळं सोडायचं आणि मग लोशन, तेही बिनवासाचं आणि अगदी पातळ. मी सुरुवातीला प्रेमाने थापत होते. जास्त लोशन म्हणजे खपली मऊ पडून गचगचीत होते, कातडीला हवा लागत नाही, आणि वर धूळ चिकटते ती वेगळीच. लावल्यावर चकाकत असेल तर टिश्यूने टिपून घ्या, एवढं साधं माप आहे.

आता तो पाचवा पाय. म्हणजे सहावा. चौथा दिवस, सकाळी एक मीटिंग होती जिथे चपला घालून जाणं शक्य नव्हतं. मी स्वतःलाच समजावलं की सुती सॉक्स आहेत, सैल आहेत, काय होतंय. दिवसभर विसरूनही गेले. संध्याकाळी घरी आले, बूट काढले, सॉक्स ओढला आणि तो घोट्याच्या हाडापाशी अडकला. ओलसर खपली कापडात वाळून बसली होती. त्या क्षणी काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं हो, पाय सॉक्ससकट कोमट पाण्याखाली धरायचा, पाचदहा मिनिटं भिजू द्यायचं, आपोआप सुटतं. पण मी थकलेली, मला फक्त तो काढायचा होता, आणि मी तो खेचला. टर्रकन आवाज आला, बारीकसा. खाली बघितलं तर तिसऱ्या मुंगीच्या मागच्या डाव्या पायाच्या जागी गुलाबी ओली रेघ. सॉक्स उलटा केला तर आत, दोऱ्यांमध्ये, वळलेला काळा पाय अडकलेला. अगदी मुंगीचा तुटलेला पाय वाटावा असा. मी तो बघत किती वेळ बाथरूममध्ये बसले होते काय माहीत.

म्हणून माझं ऐका, घोट्यावर टॅटू काढायची तारीख कॅलेंडर बघून नाही तर चपलांचं कपाट बघून ठरवा. पुढचे दोन आठवडे ज्यात पट्टा घोट्यावरून जात नाही अशी चप्पल घालून तुम्हाला सगळीकडे जाता येणार असेल तरच. लग्न, ट्रेक, इंटरव्ह्यू, नवीन नोकरी यातलं काही समोर असेल तर सरळ पुढे ढकला. आणि कडक जीन्सची कडही तेवढीच वाईट, ती प्रत्येक पावलाला घासते, मी पँट दुमडून फिरत होते, लोकांना वाटलं पाऊस येणार आहे.

पाचव्यासहाव्या दिवसापासून सालं निघायला लागली. उन्हाने भाजल्यावर निघतात तशीच पण काळी, वहीवर खोडरबर घासल्यावर चुरा पडतो ना तसा चुरा चादरीवर दिसायचा. गेला आपला टॅटू असं वाटतं. नाही जात, तो वरचा थर असतो फक्त. खाली जे दिसतं ते मात्र जरा निराश करणारं, फिकट, धुरकट, वर दुधाचा पापुद्रा आल्यासारखं. ते महिनाभरात साफ होतं. सालं ओढायची नाहीत, एवढंच. मला तर एकदा अद्दल घडलीच होती.

खाज! दुखण्याचं सगळे सांगतात, खाजेचं कुणी सांगत नाही. दुसऱ्या आठवड्यात एवढी खाज की रात्री झोपेत दुसऱ्या पायाची टाच आपोआप तिकडे जायची. खाजवायचं नाही, आजूबाजूला हलकं थोपटायचं नाहीतर गार पाण्याची पट्टी. आणि त्यातच डासाने चौथ्या मुंगीच्या पोटावर चावा घेतला, म्हणजे टॅटूची खाज वेगळी, डासाची वेगळी, आणि न भरलेल्या जागेवर डासांचं क्रीमही लावता येत नाही. मच्छरदाणीला पर्याय नाही, लिहून घ्या.

एक गोष्ट मस्करी सोडून सांगते. पहिले दोनतीन दिवस थोडं लाल, थोडं गरम, थोडी सूज, हे चालतं आणि दिवसागणिक कमी होत जातं. उलट वाढत चाललं, लाली पसरायला लागली, पू आला, वास आला, ताप आला किंवा घोट्यापासून वर लाल रेघ जाताना दिसली तर आर्टिस्टला फोटो पाठवत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. आणि ज्यांना डायबेटिस आहे किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी टॅटूच्या आधीच डॉक्टरला विचारा, पायाची जखम तशीही हळू भरते.

पोहणं तीनेक आठवडे बंद, शॉवर चालतो, टब नाही. ऊनही नको, आणि पूर्ण भरल्यावर कायम सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त. आपण तोंडाला लावतो, हाताला लावतो, घोट्याला कोण लावतं? मीही विसरते, पण काळी शाई उन्हाने फिकी पडत जाते हे लक्षात ठेवा. "नाही आवडला तर लेसरने काढू" म्हणणाऱ्यांसाठी एकच, हातापायाच्या टोकाकडचे टॅटू लेसरने निघायला जास्त सेशन्स लागतात, तिथे रक्तपुरवठा कमी असतो म्हणून. त्यापेक्षा डिझाईनवर अजून चार दिवस घाला.

सहा आठवड्यांनी टचअपला गेले. ती बघून म्हणाली, "सॉक्स?" मी मान डोलावली. तिला म्हणे सांगावं लागत नाही, ओळखू येतं. पाच मिनिटांचं काम, एक पाय. पण बरं झालेल्या मुंगीवर ताजी रेघ आली की ती बाकीच्यांपेक्षा जरा ठळक दिसते, शिवाय हाडावरच असल्याने ती किंचित जाडही झाली. जाईल म्हणाली फरक हळूहळू. अजून गेला नाहीये.

घरी आले तर आईने स्वतःहून पाय मागितला. यावेळी फटका नाही. चष्मा लावला, बोटाने मोजलं, एक दोन तीन चार पाच सहा. "हां, आता बरोबर," म्हणाली. मग परत वाकून बघितलं.

"पण हा एकच पाय जाड का गं? मोजा घातलाय का हिने?"